घराण्याचा इतिहास शोधायचाय? व्हिडिओ परदेशातले, कागद आपल्या तालुक्यातले

संशोधनाची तयारी करणाऱ्यांना मी नेहमी सांगतो, की पीएचडीच्या विषयाची वाट बघत बसू नका. एखादा छोटा प्रश्न घ्या आणि तो शेवटपर्यंत न्या. असा प्रश्न कुठून आणायचा? सगळ्यात जवळचा प्रश्न घरातच असतो. आपले पणजोबा कधी जन्मले, कुठल्या गावातून आले, त्यांच्या वडिलांचं नाव काय? प्रश्न साधा वाटतो. पण उत्तर पुराव्यासकट द्यायला बसलात की सोर्स, साक्ष, विरोधाभास, निष्कर्ष हे सगळं एकेक करून समोर येतं.

हे शिकायला इंटरनेटवर भरपूर साहित्य आहे आणि बरंचसं फुकट आहे. अडचण एवढीच, की त्यातलं बहुतेक अमेरिका आणि ब्रिटनमधल्या लोकांसाठी बनवलेलं आहे. ते ठाण्यात किंवा कल्याण-डोंबिवलीत बसून जसंच्या तसं वापरलं तर पहिल्याच पायरीला अडखळायला होतं. म्हणून यातलं काय घ्यायचं, काय सोडायचं आणि त्या जागी आपलं काय ठेवायचं, ते या लेखात बघू.

पहिली पायरी इथे का चालत नाही?

कुठलाही इंग्रजी व्हिडिओ लावा. घरातल्या माणसांशी बोला, हे सांगून झालं की पुढचं वाक्य येतं: आता जनगणनेचे कागद उघडा. अमेरिकेत जनगणनेच्या घरोघरच्या नोंदी ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५० सालच्या नोंदी २०२२ मध्ये खुल्या झाल्या. इंग्लंडमध्ये हा काळ १०० वर्षांचा आहे आणि तिथल्या १९२१ च्या नोंदीही २०२२ मध्येच लोकांसमोर आल्या. तिथला संशोधक दर दहा वर्षांनी घरात कोण होतं, कोणाचं वय किती होतं, हे ओळीने बघू शकतो.

आपल्याकडे जनगणना झाली, आकडे छापले गेले, पण घरोघरची माहिती कोणालाही बघायला मिळत नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यानेच ती गोपनीय ठेवली आहे. म्हणजे त्यांच्या पद्धतीचा कणाच आपल्याकडे नाही. म्हणून व्हिडिओ बघताना एक गोष्ट लक्षात ठेवा: पद्धत शिकायची, सोर्स उचलायचा नाही. प्रयोगाचा प्रोटोकॉल दुसऱ्या लॅबचा चालतो, सँपल मात्र आपलंच लागतं.

पद्धतीसाठी काय बघावं?

*फॅमिलीसर्च.* अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीची ही संस्था एका चर्चतर्फे चालते आणि तिची मुळं १८९४ सालच्या वंशावळ संस्थेत आहेत. वेबसाइट मोफत आहे, शिकवणारे व्हिडिओ आहेत आणि देशवार माहिती देणारा एक विकीही आहे. भारताच्या विभागात तीर्थक्षेत्रांच्या पंड्यांच्या वह्यांचा मोठा संग्रह आहे, पण त्यात भर हरिद्वार आणि उत्तरेकडच्या क्षेत्रांवर आहे.

*रूट्सटेक.* हे वंशशोधावरचं वार्षिक संमेलन. त्यातली बरीच व्याख्यानं नंतर मोफत बघता येतात. सगळी बघायची गरज नाही. पुराव्यांमधला विरोध कसा सोडवायचा, एकाच नावाची दोन माणसं वेगळी कशी करायची, वृद्धांची मुलाखत कशी घ्यायची, या तीन विषयांवरची निवडून बघा.

*फिबिस.* ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणारी संस्था. त्यांचा विकी मोफत आहे. रेल्वे, लष्कर, मिशन, सरकारी नोकरी यांचे कागद कुठल्या खात्यात तयार व्हायचे, हे त्यातून कळतं. बोरीबंदर ते ठाणे गाडी १८५३ मध्ये सुरू झाली आणि १८५४ मध्ये ती कल्याणला पोचली. घरात कोणी रेल्वेत होतं असं सांगतात, अशी कुटुंबं आपल्या भागात कमी नाहीत. पण इथल्या नावांच्या याद्या मुख्यतः युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या आहेत, हे धरून चला.

*मोडीचे मराठी व्हिडिओ.* यूट्यूबवर बाराखडीपासून शिकवणाऱ्या मालिका आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहाराचे पुष्कळ कागद मोडीत होते, त्यामुळे दोन पिढ्या मागे गेलात की मोडी समोर येणारच. व्हिडिओ निवडताना एकच कसोटी लावा: शिकवणारा नुसती छापील अक्षरं दाखवतो, की खरा जुना कागद समोर ठेवून वाचतो? दुसरा प्रकार निवडा. मोडी हाताने, कलम न उचलता लिहिली जायची, त्यामुळे प्रत्येकाचं वळण वेगळं असतं. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेतं, त्याचीही चौकशी करा.

या सगळ्याच्या मुळाशी असलेली एक चौकट मात्र पाठ करून ठेवा. अमेरिकेतले व्यावसायिक वंशशोधक पुराव्यासाठी पाच अटी मानतात: शक्य तेवढा पूर्ण शोध, प्रत्येक माहितीचा नीट संदर्भ, पुराव्यांची छाननी आणि तुलना, विरोधी पुराव्यांचा निकाल, आणि लिहून काढलेला निष्कर्ष. हे तुमच्या थिसिसलाही जसंच्या तसं लागू आहे.

आपल्याकडचे कागद

*फेरफार नोंदवही (गाव नमुना ६).* सातबारा सगळ्यांना माहीत असतो, पण घराण्याच्या इतिहासासाठी फेरफार जास्त बोलका. माणूस वारला की जमिनीवर वारसांची नावं लागतात, आणि तेव्हा मुलं, मुली, विधवा बायको यांची नावं एकत्र सापडू शकतात. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्यानंतर कुळांच्या नावाने अनेक फेरफार झाले. घर खोताचं होतं की कुळाचं, हे तिथे उघड होतं. जुने स्कॅन केलेले सातबारा आणि फेरफार सरकारच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावर नोंदणी करून, फी भरून मिळतात. ठाणे जिल्हा त्यात आहे.

*कोतवाल बुक (गाव नमुना १४).* गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. हे नाव २०२३ मध्ये घरोघरी पोचलं. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीमुळे कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि तहसील कचेऱ्यांतली बासनं सुटली. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यातले बरेच कागद स्कॅन करून टाकले आहेत.

*शाळेचं जनरल रजिस्टर.* नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात, आधीची शाळा एवढं एका ओळीत मिळतं.

*तीर्थोपाध्यायांच्या वह्या.* नाशिक, त्र्यंबकेश्वरला जाऊन गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्याय वही काढतात. घरातल्या माणसाने स्वतः सांगितलेली वंशावळ तिथे असते.

*कुलवृत्तांत.* छापलेला असला तरी तो दुय्यम सोर्स. माहिती नातेवाइकांकडून गोळा केलेली असते, त्यामुळे आधार म्हणून न वापरता दिशा म्हणून वापरा. तो बघायला ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय (१८६४) या दोन ठिकाणी आधी चौकशी करा.

कागद शोधताना दोन गोष्टी सांभाळा. एक, हद्दी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, त्याआधी वसई, डहाणू, जव्हार सगळं ठाण्यातच होतं. बदलापूर आज अंबरनाथ तालुक्यात आहे, पण जुने कागद कल्याण तालुक्याच्या नावाने शोधावे लागतात. डोंबिवलीत कोकणातून आलेली कुटुंबं खूप. त्यांनी लक्षात ठेवावं, की सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, त्याआधी सगळं रत्नागिरी. हा घोळ सोडवायला १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर कामाला येतं. ते ऑनलाइन वाचता येतं.

दुसरी गोष्ट कालगणना. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष गुढीपाडव्याला बदलतं. त्यामुळे शके १८१२ चा माघ हा १८९० मध्ये नसून १८९१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. १ जानेवारीनंतरच्या महिन्यांना ७९ मिळवायचे.

एक उदाहरण सोडवून बघू

हे उदाहरण कल्पित आहे, पण कागद अशाच तऱ्हेने बोलतात. समजा, मुरबाड तालुक्यातले गणपत बाळाजी यांचा जन्म कधीचा, हा प्रश्न आहे. आपल्या हातात तीन कागद आहेत.

१. शाळेचं रजिस्टर: जन्म १ जून १९३०.
२. कोतवाल बुक: बाळाजीला दोन मुलगे झाले, एक नोव्हेंबर १९२८ मध्ये आणि एक फेब्रुवारी १९३१ मध्ये. मुलांची नावं नाहीत.
३. फेरफार, ऑगस्ट १९४८: बाळाजी मयत, वारस गणपत, नावापुढे 'अ.पा.क.' आणि आईचं नाव.

शाळेच्या तारखेपासून सुरुवात करू. १ जून! हा वाढदिवस असलेली माणसं प्रत्येकाच्या घरात असतात. शाळा जूनमध्ये भरायची, मुलाला घेऊन आले की गुरुजी अंदाजाने वय धरून तारीख लिहायचे. म्हणजे ही नोंद घटनेनंतर पाच-सहा वर्षांनी, अंदाजाने, आणि शाळेत बसवण्याच्या हेतूने झालेली. वर्षाचा अंदाज म्हणून ठीक, तारीख म्हणून कमजोर.

कोतवाल बुकातली नोंद जन्मानंतर लवकरच, नोंद करणं हे ज्याचं कामच होतं अशा माणसाने केलेली. इथली तारीख भक्कम. पण नाव नाही, कारण बारसं व्हायच्या आत नोंद झाली की नाव कुठून येणार? म्हणजे तारीख पक्की, पण ती *कोणाची* हे माहीत नाही.

आता फेरफार. 'अ.पा.क.' म्हणजे वारस अज्ञान आणि त्याच्या वतीने पालक. १९४८ च्या ऑगस्टमध्ये गणपत अठराच्या आत होता. १९२८ चा मुलगा तेव्हा जवळपास वीस वर्षांचा असता. शाळेची तारीख खरी मानली तरी गणपत त्या जूनमध्येच अठरा पूर्ण झालेला असता. फेब्रुवारी १९३१ चा मुलगा मात्र साडेसतरा वर्षांचा, म्हणजे तो बसतो.

झालं उत्तर? अजून नाही. त्या काळी कोर्टाने पालक नेमला असेल तर सज्ञान वय २१ धरलं जायचं. तसं असेल तर १९२८ चा मुलगाही अज्ञान ठरतो! म्हणून फेरफारात कोर्टाच्या हुकमाचा उल्लेख आहे का, हे बघायचं. मग मृत्यूच्या नोंदींत १९२८ चा मुलगा लहानपणी गेल्याचं सापडतं का, ते शोधायचं. शिवाय गावात दुसरा बाळाजी नव्हता ना, हेही तपासायचं. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे गणपत बाळाजी, बाळाजी गणपत, पुन्हा गणपत बाळाजी अशी साखळी सहज होते आणि दोन पिढ्या एकमेकींत मिसळतात.

हे सगळं करून लिहायचं असं: "गणपत यांचा जन्म बहुधा फेब्रुवारी १९३१ मधला, कारणं अमुक, न सुटलेली शंका अमुक." तुमच्या पेपरमधला डिस्कशनचा भाग याहून वेगळा नसतो.

हा छंद नाही

आपल्या भागात हा शोध नुसत्या कुतूहलाचा नसतो. जात पडताळणीच्या वेळी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. तुमच्या वर्गात कोणाचा तरी प्रवेश याच एका कागदावर अडकलेला असतो.

आणि कागद सगळ्यांना सारखे मिळत नाहीत. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांचे फेरफार आहेत. ज्यांच्याकडे लिहिणारे होते त्यांचे कुलवृत्तांत आहेत. शहापूर-मुरबाडच्या भूमिहीन कातकरी कुटुंबाकडे सातबारा नाही, आणि पणजोबा शाळेत गेलेच नसतील तर रजिस्टरही नाही. लग्नात नाव बदललेली बाई तर प्रत्येकच घरात अर्धी हरवलेली असते. म्हणून 'नोंद सापडली नाही' आणि 'माणूस नव्हता' ही दोन वाक्यं कधीही एक समजू नका. जिथे कागद नाही तिथे मुलाखत हाच सोर्स. कोणी सांगितलं, कधी सांगितलं, त्यांनी स्वतः पाहिलं की ऐकलं, हे लिहिलंत तर तोही पुरावा होतो.

मुलाखत घेताना परवानगी मागा, रेकॉर्डिंगचं काय करणार ते आधी सांगा. हयात माणसांची नावं आणि जन्मतारखा सार्वजनिक वंशवृक्षावर टाकू नका. दत्तक, दुसरं लग्न, सोडून गेलेली माणसं, असं काहीही निघू शकतं. ते तुमच्या हातात आलं म्हणून ते छापायचा हक्क तुम्हाला मिळत नाही.

सुरुवात कशी करायची?

- एकच प्रश्न, एकाच ओळीत लिहा. 'आमच्या घराण्याचा इतिहास' हा प्रश्न नाही. 'आजीचे वडील कल्याणला कुठल्या साली आले' हा प्रश्न आहे.
- घरातली सर्वांत वयस्क व्यक्ती आधी, कागद नंतर. कागद पुढच्या वर्षीही कचेरीत असेल.
- आजीला नुसती नावं विचारू नका. माहेरचं आडनाव, गाव, कुलदैवत, आणि लग्नाआधीचं नाव विचारा.
- एक तक्ता करा: सोर्स, तो कधी तयार झाला, कोणी केला, कशासाठी केला, तो काय सांगतो. काही सापडलं नाही तर तेही लिहा.
- आठवड्याला दोन व्हिडिओ पुरे. प्रत्येक व्हिडिओनंतर त्यातली एक युक्ती आपल्या कागदावर वापरल्याशिवाय पुढचा लावू नका.
- शेवटी दोन पानं लिहा आणि घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या. ते चुका काढतील. तो तुमचा पहिला पिअर रिव्ह्यू.