बोर्डावरचं मराठी तुटतंय? फोटोशॉपमध्ये आधी हे तपासा

व्हिडिओत टेक्स्टचा भाग जरा घाईत झाला, म्हणून इथे नीट सांगतो.

उदाहरण आपल्याच गावाचं घेऊ. टाइप टूल घ्या आणि ‘कन्हान’ लिहा. ‘न’ आणि ‘ह’ जोडून आले पाहिजेत. त्याऐवजी ‘कन्‌हान’ असा पाय मोडलेला ‘न’ दिसला, किंवा ‘किराणा’तली वेलांटी ‘क’च्या पलीकडे जाऊन बसली, तर तुमचं टायपिंग चुकलेलं नाही. फोटोशॉपला देवनागरी जुळवायला सांगितलेलंच नाही.

जुन्या व्हर्जनमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, टाइप इथे जा आणि ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडा. आणखी जुन्यात याच जागी ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ असतं. पण आधी टाइप केलेला लेयर यानं सुधारत नाही, इथेच बरेच जण अडकतात. तो लेयर निवडा, पॅराग्राफ पॅनेलच्या कोपऱ्यातला मेन्यू उघडा आणि वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. २०२२ च्या व्हर्जनपासून हे बहुतेक आपोआप होतं. तरीही अक्षरं विचित्र येत असतील तर फॉन्ट बघा. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोड नसतो. फॉन्ट बदलला की नुसती इंग्रजी अक्षरं उरतात. मुक्ता किंवा बालू घ्या, दोन्ही फुकट आहेत.

आता आकार. २०२२ च्या कायदा दुरुस्तीनंतर राज्यात दुकान छोटं असो की मोठं, पाटीवर मराठी नाव लागतंच, आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीतल्या अक्षरापेक्षा लहान चालत नाही. तुम्ही म्हणाल, दोन्ही ओळींना ७२ पॉइंट दिला, झालं काम! नाही होत. पॉइंट म्हणजे अक्षराची दिसणारी उंची नव्हे. बऱ्याच फॉन्टमध्ये त्याच आकड्याला देवनागरी अक्षर इंग्रजी कॅपिटलपेक्षा बुटकं दिसतं, कारण वर रफार-मात्रेला आणि खाली उकाराला जागा ठेवलेली असते. म्हणून कंट्रोल आणि आर दाबून रूलर आणा, गाइड ओढा, आणि शिरोरेषेपासून ‘क’च्या पायापर्यंतची उंची मोजा. मात्रा धरू नका. ती उंची कॅपिटलएवढी होईपर्यंत मराठीचा आकडा वाढवा. दोन्ही आकडे वेगळे आले तरी बिघडत नाही.

ट्रॅकिंग मराठीला शून्यच ठेवा. वाढवलं की शिरोरेषेला फटी पडतात, तारसा रोडवरून गाडीवर जाणाऱ्याला नाव तुकड्यातुकड्यात दिसतं. लीडिंग मात्र सढळ हातानं द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेत घुसतो. आणि फॉक्स बोल्ड नकोच. त्यानं ‘भ’ आणि ‘म’ दुरून सारखे दिसायला लागतात. फॉन्टचं खरं बोल्ड वापरा.

एकदा मी अशीच उघडी फाइल फ्लेक्सवाल्याकडे पाठवली. त्याच्याकडे फॉन्ट नव्हता, फॉन्ट बदलला गेला आणि दुकानदाराच्या आडनावाचा रफारच गायब! फ्लेक्सचे पैसे मी भरले. तेव्हापासून पाठवण्याआधी टाइप मेन्यूतून ‘कन्व्हर्ट टू शेप’ करतो. त्यानंतर मजकूर बदलता येत नाही, म्हणून मूळ पीएसडी वेगळ्या नावानं आधीच सेव्ह करा. दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक मोबाइल नंबर बदलायला येतंच.