फुकटाची किंमत

'किम कार्दाशियन : हॉलिवूड' हा मोबाइलवरील खेळ २०१४ मध्ये आला आणि २०२४ मध्ये बंद झाला. खेळ फुकट, परंतु उंची पोशाख हवे असतील आणि थांबण्याचा धीर नसेल, तर खरे पैसे मोजावयाचे. कीर्ती विकत मिळते, हाच त्यातला धडा. तो खेळ संपला, तरी ही रीत संपलेली नाही.

म्हसवडच्या स्त्रियांनी उलट वाट दाखविली. निरक्षर म्हणून बँकेचा परवाना नाकारला गेला, तेव्हा त्यांनी अक्षरे गिरविली, व्याजाचा हिशेब तोंडी करण्याची तयारी दाखविली. आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. मुलींच्या हाती मोबाइल देताना तो हिशेबही द्यावयास हवा. फुकटाची किंमत विचारण्याचे हे शिक्षण घराने व शाळेने टाळू नये.