सिनेमाची वही

मेढ्यातील चार मित्र वेण्णेकाठी लघुपट काढायला निघतात. कॅमेरा भाड्याचा, नट घरचेच. पण जेवणाचे, पेट्रोलचे पैसे "राहू दे रे" म्हणत एकटाच भरतो. काम अर्ध्यावर अडकले की तेच "राहू दे" त्याच्या मनात खुपू लागते.

1912 मध्ये दादासाहेब फाळके यांनी वाटाण्याच्या वाढीची मिनिटभराची फिल्म आधी करून दाखविली. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहारे यांनी त्यांना कर्ज देऊ केले. कर्ज, बरे का, देणगी नव्हे!

जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण चारचौघांत वाचतो. मग मित्रापुढे वही उघडायला संकोच कसला? पहिल्याच दिवशी लिहा : पैसे उसने, भागीचे की भेट? बक्षीस मिळाले तर कोणाला किती? आणि ज्याने रोजंदारी बुडवून लाईट धरला, त्याचे चार दिवसही त्याच वहीत मांडा.