चिमट्यातलं बोट

"किती?"

2021च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत दिवसातून चार-चार वेळा हा प्रश्न विचारला जायचा, आणि कशाबद्दल ते कुणाला सांगावं लागत नसे. दाराबाहेर ताट ठेवून चार पावलं मागं सरकलेली सून विचारायची. परगावी अडकलेला मुलगा फोनवर 'हॅलो'च्या आधी विचारायचा. आतून "शहाण्णव" असं उत्तर आलं की स्वयंपाकघरात पुन्हा भांडी वाजायला लागायची. "ब्याण्णव" आलं तर आधी बोट बदलायचं, मग तळवे चोळून बघायचे, मग चिमट्यातली बॅटरी काढून पुन्हा घालायची. तिसऱ्यांदाही ब्याण्णवच दिसलं की बेडसाठी फोनाफोनी सुरू.

कोरोनानं विज्ञान घराघरांत पोचवलं असं म्हणतात. नेमकं बोलायचं तर त्यानं आकडे पोचवले. ऑक्सिजन, सीटी व्हॅल्यू, स्कोअर हे शब्द भाजीच्या भावासारखे तोंडी बसले. आकडा कसा तयार होतो, त्याचं कुठं ऐकायचं आणि कुठं नाही, हे मात्र आकड्याबरोबर आलं नाही. ते शिकायला बराच वेळ लागला, आणि काहींच्या बाबतीत तेवढा वेळ नव्हता.

चिमट्यापासूनच सुरुवात करू. ऑक्सिमीटरच्या एका जबड्यात दोन बारीक दिवे असतात. एक लाल, दुसरा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. समोरच्या जबड्यात प्रकाश टिपणारा संवेदक. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलेला असला की ते लाल प्रकाश बराचसा जाऊ देतं आणि अवरक्त जास्त शोषतं. प्राणवायू नसला की उलट. धमनीतलं रक्त लालभडक आणि शिरेतलं काळपट दिसतं ते याचमुळे. दोन्ही प्रकाश बोटापलीकडे किती पोचले याचा हिशोब करून यंत्र टक्केवारी सांगतं.

पण बोटात नुसतं रक्त नसतं. कातडी, नख, हाड, मांस हेही प्रकाश अडवतात. हा गुंता सोडवला ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यानं. निहोन कोहडेन या कंपनीत ते वेगळ्याच कामात होते: रक्तात रंग टोचून, कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून, हृदय किती रक्त फेकतं ते मोजायचं. नाडीच्या ठोक्यांमुळे आलेख सारखा थरथरायचा. ती थरथर घालवण्याच्या खटपटीत त्यांच्या लक्षात आलं, की ठोक्याबरोबर हलतं ते फक्त धमनीतलं रक्त. बाकी सगळं जागच्या जागी असतं. मग बाकीचं सोडून नुसती थरथरच मोजली तर? 1974 साली नको असलेल्या त्या थरथरीतून पल्स ऑक्सिमीटर जन्माला आला. आओयागी 18 एप्रिल 2020 रोजी 84व्या वर्षी वारले. त्याच सुमारास जगभरची माणसं औषधाच्या दुकानांत त्यांचा चिमटा शोधत होती.

थरथर मोजणारं यंत्र म्हटल्यावर त्याची पथ्यंही उघड आहेत. हात गार पडले, नाडी मंद असली, बोट हललं की आकडा भरकटतो. नेलपॉलिश असेल तरी घोटाळा होऊ शकतो. नखांवर गडद मेंदी रंगलेली असेल तर दुसरं बोट बघावं. दोन-तीन टक्के इकडंतिकडं होणं चांगल्या यंत्रातही धरलेलंच असतं. दुसऱ्या लाटेत पेन अडकवलं तरी आकडा दाखवणाऱ्या चिमट्यांचे व्हिडिओ फिरले आणि नुसत्या मोबाइलच्या कॅमेऱ्यावर बोट ठेवून ऑक्सिजन सांगण्याचा दावा करणारी ॲप्सही निघाली. अशा ॲपनं ऑक्सिजन सांगितला तर तो पोपटवाल्या ज्योतिषाच्या चिठ्ठीइतकाच खरा समजायचा.

तरीही या चिमट्याची गरज खरी होती, आणि तिचं कारण शरीराच्या एका सवयीत आहे. आपल्याला धाप लागते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला की. प्राणवायू कमी झाला म्हणून लगेच नव्हे. कोरोनाच्या न्यूमोनियात अनेकदा कार्बन डायऑक्साइड व्यवस्थित बाहेर पडत राहायचा आणि प्राणवायू मात्र गुपचूप घसरायचा. खाटेवर बसून नातवाशी गप्पा मारणाऱ्या आजोबांचा आकडा 85 निघायचा आणि आजोबा म्हणायचे, मला काही होत नाहीये. म्हणूनच सहा मिनिटं चालण्याची चाचणी सांगितली गेली: आधी आकडा बघायचा, घरातल्या घरात सहा मिनिटं चालायचं, पुन्हा बघायचा. बसून ठीक दिसणारा आकडा चालल्यावर घसरला तर फुप्फुसाकडे शिल्लक उरलेली नाही असं समजून दवाखाना गाठायचा. ना पैसे, ना रांग. वऱ्हांड्यात, गच्चीवर, दहा बाय दहाच्या खोलीत पलंगाभोवती माणसं घड्याळ लावून चालत होती.

ज्या घरांत चिमटा नव्हता, तिथं तो आशा सेविकांच्या, म्हणजे वस्तीतल्या आरोग्यसेविका आशाताईंच्या पिशवीतून गेला. 15 सप्टेंबर 2020 पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम सुरू झाली. पथकं दारोदार जाऊन प्रत्येकाचं तापमान आणि ऑक्सिजन बघत, घरात मधुमेह, रक्तदाब कुणाला आहे ते लिहून घेत. काम ऐकायला सोपं वाटतं. पण "आमच्याकडं सगळे ठणठणीत, पुढं व्हा" म्हणणाऱ्या दारासमोर उभं राहून, पॉझिटिव्ह निघालो तर उचलून नेतील ही भीती समजून घेऊन, बोट पुढं करायला लावणं हे यंत्राचं काम नव्हतं. ते ओळखीच्या बाईचं होतं. याच आशा सेविकांना जून 2021 मध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलं, हेही त्याच हिशोबात धरायला हवं.

महाराष्ट्रानं यापूर्वीही साथीत घराचा उंबरा ओलांडलेला पाहिला आहे. 1897च्या प्लेगमध्ये पुण्यात गोरे सोजीर घरात शिरून काखेत-जांघेत गाठी आहेत का ते तपासत, सामान रस्त्यावर टाकत. त्या संतापातून 22 जूनला प्लेग बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. ज्या साथरोग कायद्याच्या आधारे तेव्हा हे चाललं, तोच 1897चा कायदा महाराष्ट्रानं मार्च 2020 मध्ये पुन्हा बाहेर काढला. कायदा तोच, उंबऱ्यावर आलेलं माणूस वेगळं होतं.

दुसरा आकडा प्रयोगशाळेतून आला, आणि सगळ्यात जास्त गोंधळ त्यानंच घातला. 9 मार्च 2020 रोजी राज्यातले पहिले रुग्ण पुण्यात सापडले. विषाणूंचा अभ्यास या शहराला नवा नव्हता. आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था इथं 1952 पासून आहे. पण तपासणीचे किट बाहेरून येत होते आणि मोजकेच होते. पुण्याच्याच मायलॅब कंपनीनं सहा आठवड्यांत देशी किट तयार केलं. त्या गटाच्या प्रमुख मिनल दाखवे-भोसले तेव्हा गरोदर होत्या. किट तपासणीसाठी धाडलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. मार्च सरता सरता किट वापरात आलं. खासगी प्रयोगशाळेत सुरुवातीला 4,500 रुपयांपर्यंत पडणारी आरटी-पीसीआर राज्यात वर्षभरात 500 रुपयांवर उतरली.

या तपासणीत नाकातल्या नमुन्यातला विषाणूचा जनुकीय तुकडा दुप्पट, चौपट, आठपट असा वाढवत नेतात. किती फेऱ्यांनंतर तो यंत्राला दिसला, ती संख्या म्हणजे सीटी व्हॅल्यू. विषाणू जास्त असेल तर लवकर दिसणार, म्हणजे आकडा लहान. प्रत्येक फेरीला दुप्पट होत असल्यानं 20 आणि 30 यांतला फरक दहाचा नसून साधारण हजारपटीचा असतो. शिवाय नमुना घेणाऱ्यानं कापसाची काडी नाकात जरा वरवर फिरवली, तरी आकडा बदलतो. म्हणूनच आजार किती गंभीर आहे हे या आकड्यावरून ठरवू नका, असं डॉक्टर सांगून थकले.

सांगून थकले, कारण त्याच वेळी आणखी एक सीटी बाजारात होती. छातीचा एचआरसीटी स्कॅन काढला की अहवालात स्कोअर यायचा. फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकाला पाचपैकी गुण, एकूण पंचवीस. इथं आकडा मोठा तर आजार जास्त. तिथं आकडा लहान तर विषाणू जास्त. नाव जवळपास एक आणि अर्थ उलटे! आता विचार करा, नात्यातल्या कुणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलंय, 'भाऊंचा सीटी 24 आला.' विषाणूचा असेल तर त्यावरून आजार किती गंभीर ते ठरतच नाही. स्कॅनचा असेल तर जवळजवळ सगळं फुप्फुस व्यापलेलं. खाली तीन जणांनी हात जोडलेले, दोघांनी अंगठा दाखवलेला, आणि कुणालाच नक्की माहीत नाही की भाऊंना झालंय काय.

हा घोळ फक्त घरापुरता नव्हता. पॉझिटिव्ह ठरवण्याची सीटी व्हॅल्यूची मर्यादा 35 होती. ती 24वर आणावी का, अशी विचारणा महाराष्ट्रानं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे केली. परिषदेनं 2021च्या दुसऱ्या लाटेत उत्तर दिलं: नको, संसर्ग पसरवू शकणारे बरेच रुग्ण त्यातून निसटतील. एक आकडा हलवला असता तर हजारो माणसं कागदावर निगेटिव्ह झाली असती.

दुकानाच्या दारातल्या थर्मामीटरच्या बंदुकीबद्दल फार लिहायला नको. ती कपाळाच्या कातडीची उष्णता मोजते, अंगातली नव्हे. एसी गाडीतून उतरलेल्या गिऱ्हाइकाला रखवालदार "चौतीस" म्हणून आत सोडायचा. अंगाचं खरं तापमान तेवढं असतं तर त्याला कपडे खरेदीला नव्हे, दवाखान्यात न्यायला हवं होतं.

चिमट्यातला आकडा घसरला की पुढचा प्रश्न टनांचा असायचा. एप्रिल 2021 मध्ये राज्याला रोज लागणारा ऑक्सिजन इथं तयार होणाऱ्या ऑक्सिजनपेक्षा कितीतरी जास्त झाला. 19 एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्याकडं निघाले. देशातली ही पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. ट्रक रेल्वेवर चढवण्याची युक्ती कोकण रेल्वे 1999 पासून वापरते आहे, पण इथं अडचण उंचीची होती. वाघिणीवर चढलेला टँकर वरच्या विजेच्या तारांना आणि पुलांना भिडू नये, म्हणून कमी उंचीचे टँकर निवडले. घाटही टाळायचा होता, म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेत गेली. येताना टँकरमध्ये उणे 183 अंशांच्या आसपासचा द्रवरूप ऑक्सिजन होता.

नंदुरबारला ही गाडी धुंडाळायची वेळ फारशी आली नाही. राज्याच्या टोकाला असलेल्या या आदिवासी जिल्ह्याचे तेव्हाचे जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड स्वतः डॉक्टर. पहिली लाट ओसरत असताना, सगळीकडं कोविड केंद्रं गुंडाळण्याची भाषा सुरू असताना, जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन काढणारे प्रकल्प बसवायला घेतले गेले. या यंत्रात दाबाखालची हवा झिओलाइट नावाच्या खड्यांतून जाते. खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि उरतो तो नव्वद टक्क्यांहून जास्त शुद्ध ऑक्सिजन. कच्चा माल फुकट, टँकरची वाट बघणं नाही. वीज तेवढी लागते. दुसऱ्या लाटेत असे प्रकल्प चालू होते आणि नंदुरबारचं नाव देशभर झालं. तंत्रज्ञान जुनंच होतं. ते सहा महिने आधी मागवणं, एवढीच काय ती नवलाई.

चिमट्याची मात्र अजून एक गोष्ट बाकी आहे. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दाखवून दिलं, की ऑक्सिमीटर ठीक म्हणत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात घसरलेला असण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट आहे. प्रकाश कातडीतून जातो आणि कातडीतलं रंगद्रव्यही तो शोषतं, हे उघडच होतं; पण यंत्रं बहुतेक उजळ बोटांवर पारखलेली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा जुना निकष दहा-एक माणसांवर चाचणी घेतली तरी भागेल असा होता. जानेवारी 2025च्या नव्या मसुद्यात ती संख्या दीडशेवर नेली आहे आणि त्यात कातडीच्या सगळ्या छटा असाव्यात असं म्हटलं आहे.

आपल्याकडं अशा छटा शोधायला दूर जावं लागत नाही. आजोबांची बोटं उन्हातान्हात राबून काळवंडलेली, सून उजळ, नातवाचा रंग दोघांच्या मधला. सप्टेंबर 2020 मध्ये आशाताईंनी दारात बसून, मध्येमध्ये सॅनिटायझरचा बोळा फिरवत, एकच चिमटा या सगळ्यांच्या बोटांना लावला होता, आणि वहीत प्रत्येकाच्या नावापुढं एक-एक आकडा लिहिला होता.