पालकांनी तोंडाला कुलूप लावून यावे

सहलीच्या आदल्या रात्री मुलांना घरीच शिकवणाऱ्या आम्हा पालकांच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त निरोप कशाबद्दल पडत असतील? मुलं काय शिकणार याबद्दल मुळीच नाही. स्वच्छतागृहाबद्दल. तिथे आहे का, असलं तर किल्ली कुणाकडे, आणि नसलं तर जवळचा कुठला हॉटेलवाला पाच-सहा वर्षांच्या वरातीला चहाची ऑर्डर न देता आत सोडेल. ज्याची पाळी असते तो आधी एकटा जाऊन हे सगळं बघून येतो. होमस्कूलिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकतर स्वयंपाकघरात पाढे म्हणून घेणारी आई येते, नाहीतर दिवसभर झाडावर लोंबकळणारी पोरं. फोनवर परवानग्या मागत बसलेले आईबाप कुणाला दिसत नाहीत.

परवानगी मागितली की पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला: "कुठली शाळा?" एका ठिकाणी (नाव राहू द्या) विद्यार्थ्यांना तिकिटात सवलत होती, पण त्यासाठी शाळेचं लेटरहेड आणि मुख्याध्यापकांचा शिक्का हवा. मुलं घरी शिकतात, असं आम्ही सांगितलं. खिडकीतले गृहस्थ थोडा विचार करून म्हणाले, "मग घराचं लेटरहेड आणा." ते थट्टा करत नव्हते. आम्ही मुकाट पूर्ण तिकिटं काढली. पण हे ऐकणारा एक सात वर्षांचा मुलगा घरी जाऊन कामाला लागला. कागदाच्या वर घराचं चित्र, त्याखाली पत्ता पिनकोडसकट, मुख्याध्यापक म्हणून आजीची सही आणि बटाटा कोरून केलेला शिक्का. शिक्क्यातली अक्षरं उलटी उमटली, म्हणून दुसरा बटाटा घेऊन ती आरशात बघून उलटी कोरली. मग बाकीच्यांनाही लेटरहेडं हवी झाली आणि त्या आठवड्यात आमच्या गटात बटाट्याची भाजी फार झाली.

खरा शिक्का आमच्याकडे असूच शकत नाही. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा, 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठीच्या या कायद्यात मान्यतेशिवाय शाळा चालवायला मनाई आहे. घरी शिकणाऱ्या मुलांचा उल्लेखच नाही. म्हणून आम्ही पाटी लावत नाही, गटाला नाव देत नाही, फी घेत नाही. खर्च झाला की ज्याचा त्याने द्यायचा, हिशोब ग्रुपवर. "मग दहावीचं काय?" हा प्रश्न लग्नाकार्यात पंगतीला बसल्यावर हमखास येतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था वयाची 14 वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना दहावीला बसू देते, एवढं सांगितलं की मावशी-आत्यांचा जीव भांड्यात पडतो आणि जिलबी पुढे सरकते.

आमच्या गटाचा एकच नियम लेखी आहे: सहलीत पालकांनी बोलायचं नाही. वाचायला सोपा वाटतो, पण आईबापांच्या जिवावर येतो. मूल एखाद्या गोष्टीकडे जरा टक लावून बघायला लागलं की मागून "सांग बरं, हा कुठला धातू?" असा आवाज येतोच, आणि मूल त्या गोष्टीकडे बघायचं सोडून आपल्या तोंडाकडे बघायला लागतं. हा नियम टिकला तो पुण्यातल्या तांबट आळीमुळे.

कसबा पेठेतल्या या आळीत शिरण्याआधीच तिचा आवाज कानावर येतो. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती. मठारकाम इथलं. हातोडीचा एक ठोका, त्याला लगटून दुसरा, असे भांडंभर ठोके. त्या चपट्या खुणांवर उजेड खेळायला लागला की साधा तांब्याही दागिन्यासारखा दिसतो. मुलं उकिडवी बसली होती, दोघांनी कानात बोटं घातली होती. कारागीर काकांनी कामातून मान वर न करता तांब्याची एक पट्टी समोरच्या मुलीच्या हातात दिली. "वाकव." वाकली. काकांनी ती सरळ केली, ऐरणीवर ठेवून दोन्ही अंगांनी चांगली ठोकली आणि परत दिली. "आता वाकव." ती पोर लालबुंद झाली, पट्टी गुडघ्यावर धरून जोर लावला, पण पट्टी काही दाद देईना. शेजारच्या दोघांनीही हात लावून बघितला. काकांनी पट्टी चिमट्यात धरली, भट्टीत लाल होईपर्यंत तापवली आणि पाण्यात बुडवली. चर्र झालं. "आता?" पट्टी मुकाट्याने वाकली.

ठोकलं की तांबं कडक होतं, तापवलं की पुन्हा मऊ. म्हणून भांडं घडवताना मधेमधे भट्टी, आणि शेवटची मठार मात्र तशीच ठेवायची. ती नुसती शोभेची नसते, भांड्याला ताठपणाही देते. यातलं एक अक्षरही कुणी सांगितलं नव्हतं. आमच्यातले एक मेकॅनिकल इंजिनियर बाबा मात्र भिंतीला पाठ लावून अक्षरशः घुसमटत होते. धातूच्या स्फटिकांत काय होतं हे त्यांना सगळं येत होतं आणि नियम म्हणून सांगता येत नव्हतं. शेवटी ते बाहेर गेले आणि स्कूटर लावत असलेल्या एका अनोळखी माणसाला त्यांनी ते सविस्तर समजावलं. तो माणूसही भला, ऐकून घेतलं.

आत तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "पण माझे आजोबा म्हणतात, तापवून पाण्यात घातलं की कडक होतं. विळा तसाच करतात." काका हसले. "ते पोलादाचं. हे तांबं आहे. त्याचं लोहाराला विचार." लोहाराकडची सहल तिथेच ठरली. इंजिनियर बाबा आत असते तर त्यांनी उत्तर देऊन टाकलं असतं आणि लोहाराकडे जायचं कारणच उरलं नसतं.

मंडईची सहल दर वर्षी भोगीच्या आधी होते. 1886 साली बांधलेली ही इमारत तेव्हा रे मार्केट होती. तिच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध करणाऱ्या महात्मा फुल्यांचंच नाव पुढे तिला मिळालं, ही गंमत मला फार आवडते. मुलांना तिचं काही नसतं, त्यांच्या मुठीत पन्नासाची नोट असते. दोघादोघांची जोडी, एका चिठ्ठीवर दोन जिन्नस, आणि पालक लांब उभे. एका जोडीने पावट्याच्या शेंगांच्या दोन वाट्यांपाशी ठाण मांडलं. भाव एकच, पण एक वाटा मोठा दिसत होता. शेजारच्या काट्यावर दोन्ही तोलून घेतले, मोठा जड निघाला. तोच घ्यायला निघाले तर विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अरे, दोन-दोन शेंगा सोलून तर बघा." मोठ्या वाट्यातल्या शेंगा पोचट, दाणा नखाएवढा. लहानातल्या टच्च भरलेल्या. दोघं घासाघीस विसरली आणि लहान वाटा घेऊन आली. सोललेल्या चार शेंगांचे दाणे मावशींनी त्यांच्या पिशवीत टाकले ते वेगळेच.

साहित्याबद्दलही एक आतली गोष्ट सांगते. नवे पालक गटात आले की पहिल्या महिन्यात महागडी लाकडी खेळणी घेतात. ती कपाटात राहतात. चालतं ते सायकलच्या दुकानातून आणलेल्या काळ्या व्हॉल्व्ह ट्यूबचं भेंडोळं आणि काडेपेटी. टेल्कोतली नोकरी करता करता रजा काढून 1978 साली होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात गेलेल्या अरविंद गुप्तांचा हा उद्योग. काड्यांचं गूल खरवडायचं, ट्यूबचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे कापायचे, आणि काड्या एकमेकींना जोडत जायचं. चौकोन दाबला की कलंडतो. त्रिकोण हलत नाही. हल्ली ही ट्यूब सहज मिळत नाही. आमच्या ओळखीचा दुकानदार मागवून ठेवतो आणि दर वेळी विचारतो, "ताई, तुमच्याकडे सायकली आहेत तरी किती?"

यात आम्ही काही नवीन शोधलं असा आव आणायची सोय नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर शिंपले, बिया, खडे, पानं यांच्यावर बालवाडी उभी केली होती. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर त्यांनी शाळाच कुरणात नेली. त्यांच्यापुढे आमची पन्नासाची नोट म्हणजे चैनच.

काड्यांच्या त्रिकोणांचा पत्ता नंतर नारायणगावजवळच्या खोडदला लागला. तिथल्या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीच्या सुमारास, ती लोकांना बघायला खुली असते. तिथे मोबाइल बंद ठेवावा लागतो, नाहीतर दुर्बिणीच्या कामात गोंधळ. त्यामुळे या सहलीचा एकही फोटो कुणाकडे नाही आणि पालकांना हातांचं काय करावं ते कळेना. मुलं तबकडीखाली उभी राहून ओरडली, "त्रिकोण! त्रिकोण!" मग एकीने तक्रार केली की एवढी मोठी तबकडी, पण तिला सगळीकडे भोकंच आहेत. तिथल्या शास्त्रज्ञ ताईंनी सांगितलं, इथे येणाऱ्या लहरी वीतभरापासून दोन मीटरपर्यंत लांब असतात. एवढ्याशा भोकांतून त्या निसटत नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून तबकडी हलकी बांधता आली. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही कल्पना. मुलीने मान डोलावली आणि विचारलं, "मग पाऊसही आरपार?" "हो." "मग इथे खाली उभं राहून उपयोग नाही." नाही, ताई म्हणाल्या.

तिथे आजूबाजूच्या शाळांमधल्या मुलांनी मांडलेलं विज्ञान प्रदर्शनही असतं. एका जिल्हा परिषद शाळेचा मुलगा आपलं ठिबक सिंचनाचं मॉडेल समजावत होता. त्याने आमच्यातल्या एकाला शाळा विचारली. हा म्हणाला, "मी घरीच शिकतो." मॉडेलवाला गप्प झाला, मग त्याने सरळ विचारलं, "मग तुला सुट्टी कधी असते?"

याला उत्तर आलं नाही. परतीच्या गाडीत मागच्या सीटवर सभा भरली. मंचरच्या आधीच ठराव पास झाला आणि मोठ्याने वाचून दाखवण्यात आला: रविवारी कुणाच्याही आई-बाबांनी कुणालाही काहीही दाखवायचं नाही. शिक्क्यासाठी बटाटा मागण्यात आला. इंजिनियर बाबांनी रविवारी सकाळी अगदी थोडा वेळ चालेल का असं विचारलं, ती सूचना फेटाळली गेली.

त्यामुळे लोहाराकडे आम्ही मंगळवारी जातोय.