चलथाणचा हायवे, पहाटे साडेपाच

डिसेंबरची पहाट. चलथाणला हायवेच्या कडेला टपरीवर उभा आहे. समोरून दिल्ली-चेन्नई महामार्ग ४८ वाहतोय. ट्रेलर गेला की पायाखालची जमीन हादरते, ग्लासातला चहा हिंदकळतो. साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस वास येतोय.

साड्यांच्या गाठी भरलेल्या ट्रकचा ड्रायव्हर दोर ओढून ओढून पाहतोय. पासिंग एमएच १९, म्हणजे जळगावचं. मी अहिराणीत विचारतो, "कथा चालनात दादा?"

"कलकत्ताले." तो दोर सोडत नाही.

पुढे पलसाणा चोकडीला तो डावीकडे वळेल आणि हजिऱ्याहून आलेला ५३ नंबर धरेल. आम्हा खानदेशी माणसांच्या तोंडी तो अजून सहा नंबरच. बारडोली, सोनगड, नवापूर, धुळे. सुरतेत पोट भरायला आलेल्या आमच्या लोकांची गावाची वाट हीच. आशियाई महामार्गांच्या नकाशात हाच रस्ता एएच ४६ आहे. खरगपूरला तो एएच ४५ला मिळतो, ४५ कोलकात्यात एएच १ला, आणि एएच १ टोकियोपासून तुर्कस्तान-बल्गेरियाच्या सीमेपर्यंत २०,५५७ किलोमीटर जातो. या जाळ्याचा करार २००५ साली अमलात आला. आपल्या नवापूर-धुळ्याचा रस्ता त्या जाळ्यात आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

तेवढ्यात अंधारातून घुंगरांचा आवाज येतो. उसाच्या बैलगाड्या, एकामागे एक, कारखान्याकडे निघालेल्या. नंदुरबार, धुळे, डांगातून आलेले हे तोडकरी. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, मुकादमाचा हिशेबच तसा. शेवटच्या गाडीत मोळ्यांवर घोंगडी पांघरून एक बाई बसलीय, मांडीवर मूल झोपलंय. गाडीला मागे दिवा नाही. सुतळीने बांधलेली एक जुनी सीडी तेवढी लटकतेय. मागून ट्रेलरचा झोत पडतो, सीडी क्षणभर लखलखते. ट्रेलर करकचून ब्रेक मारतो आणि हातभर अंतरावरून पुढे जातो. बाई मुलाला छातीशी घट्ट धरते. बैल खाली मान घालून चालतच राहतात.

टपरीवर कुणीच बोलत नाही.

आशियाई महामार्गांच्या एवढ्या मोठ्या जाळ्यात बैलगाडीसाठी हातभर कडेची वाट आणि मागे लावायला लाल रिफ्लेक्टर एवढंच हवंय. कारखान्यांनी हंगाम सुरू होतानाच प्रत्येक गाडीला तो लावून द्यावा. आणि रात्री या रस्त्याने जाणाऱ्यांनो, पलसाणा ते नवापूर वेग थोडा कमी ठेवा. पुढे उसाची गाडी असेल.