चालकाचे आसन आणि आपली पाठ

वाहनकर्जाचे काम ज्यांनी काही वर्षे केले आहे, त्यांना एक अनुभव हमखास आलेला असतो. गाडी एका लिटरमध्ये किती किलोमीटर धावते, रंग कोणता घ्यावा, मासिक हप्ता किती बसेल, दसऱ्यापूर्वी गाडी हाती पडेल की नाही, या सर्व बाबींचा ग्राहकाने बारकाईने विचार केलेला असतो. परंतु चालकाच्या आसनावर आपण सलग अर्धा तास बसून पाहिले काय, असे विचारले तर तो आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतो. अर्जातही आसनासाठी रकाना नसतो. कर्ज सात वर्षांचे असेल तर ८४ हप्ते भरावयाचे असतात आणि निदान तितका काळ त्याच आसनावर बसावयाचे असते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते.

काही वर्षांपूर्वी माझी बदली हैदराबादला झाली होती. दिवाळीसाठी पुण्यास जावयाचे म्हणून सहकुटुंब गाडीने निघालो. जहिराबाद, हुमनाबाद, उमरगा ही गावे मागे टाकीत, वाटेत कोठेही न थांबता, सुमारे ३०० किलोमीटर अंतर कापून सोलापूर गाठले. वेळ वाचविल्याचे मोठे समाधान होते. एका उपाहारगृहासमोर गाडी उभी केली, दार उघडले आणि उठू लागलो तो उठताच येईना. कंबरेत अशी उसण भरली की दाराला धरून तसाच वाकून उभा राहिलो. धाकट्या मुलाला वाटले, बाबा काहीतरी शोधत आहेत. पुढचे २५० किलोमीटर पत्नीने गाडी चालविली आणि मी शेजारी बसून प्रत्येक गतिरोधक मोजला.

पुण्यातील अस्थिरोगतज्ज्ञांनी मला तपासले आणि औषधाची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी म्हणाले, "चला, गाडीत कसे बसता ते दाखवा." ते माझ्याबरोबर खाली गाडीपर्यंत आले. त्या दहा मिनिटांत जे समजले आणि पुढे वाचनातून जे पडताळून पाहिले, ते आपल्यासारख्या वाचकांसमोर ठेवावे म्हणून हा लेख.

कमान का मोडते?

उभ्या माणसाचा कणा कंबरेपाशी सरळ नसतो, त्याला आतील बाजूस एक कमान असते. तेथे पाच मणके आहेत आणि मणक्यांच्या मध्ये चकत्या आहेत. बोलण्यात आपण त्यांना गादी म्हणतो. आपण बसलो की मांडीच्या मागच्या बाजूचे स्नायू ताणले जातात आणि ते कटीर, म्हणजे कंबरेखालचा हाडांचा कडा, मागे ओढतात. कटीर मागे कलंडले की त्यावर उभारलेली कमान सपाट होते. साध्या खुर्चीवर पाय गुडघ्यातून वाकून खाली येतात. गाडीत ते पुढे लांबविलेले असतात, त्यामुळे ही ओढ अधिक. तशात नितंब पुढे सरकून पाठ व आसन यांच्यामध्ये पोकळी राहिली तर कमानीस कोणताच आधार उरत नाही.

चकतीच्या मध्यभागी मऊसर गर असतो व त्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे तंतुमय वेष्टने असतात. कमान सपाट झाली की चकतीची पुढची बाजू दाबली जाते व गर मागच्या बाजूस रेटला जातो. आणि पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंची मुळे नेमकी तेथूनच निघतात. दुसरी गोष्ट अशी की, प्रौढ वयात चकतीच्या अंतर्भागास रक्तवाहिन्यांचा पुरवठा नसतो. दाब पडला की द्रव बाहेर जातो, दाब हटला की आत येतो, आणि या ये-जा करण्याने तिचे पोषण होते. तासन् तास एकाच स्थितीत बसणे तिला म्हणूनच मानवत नाही.

आसन मऊ असले की ते सुखाचे, ही आपली समजूत या दृष्टीने फारशी खरी नाही. दिवाणखान्यातील कोचाप्रमाणे ज्यात माणूस रुतून बसतो असे आसन पहिली दहा मिनिटे आल्हाददायक वाटते; त्यानंतर कटीर कलंडू लागते.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील संशोधकांनी या प्रश्नाचा प्रत्यक्ष मोजमापाने अभ्यास केला. १९७४ साली त्यांनी मोटारीच्या चालकासनावर बसलेल्या व्यक्तींच्या कंबरेच्या चकतीतील दाब मोजला. पाठ टेकण्याचा भाग किंचित मागे कलता ठेवला आणि कंबरेस आधार दिला की दाब उतरत असे. क्लच दाबताना मात्र तो वाढत असे. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत एका निरोगी व्यक्तीच्या चकतीत दाबमापक बसवून झालेल्या प्रयोगात स्वस्थ बसण्यातला दाब उभे राहण्यापेक्षा अधिक आढळला नाही. पुढे पूर्ण वाकून बसल्यावर मात्र तो ०.४६ वरून ०.८३ मेगापास्कलपर्यंत चढला. तेव्हा दोष केवळ बसण्याचा नव्हे; कसे बसतो आणि किती वेळ बसतो, याचा आहे.

गाडीत आणखी एक गोष्ट घडते, जी कचेरीतल्या खुर्चीत घडत नाही. रस्त्याची कंपने आसनातून कण्यात शिरतात. बसलेल्या माणसाचा कणा दर सेकंदास ४ ते ६ वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो, म्हणजे झोका योग्य क्षणी ढकलल्यावर जसा उंच जातो तसे होते. आणि रस्त्यावरील वाहनांची उभी कंपने बरीचशी याच टप्प्यात मोडतात. अमेरिकेत १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्यांचा कामाचा निम्मा वा अधिक वेळ वाहन चालविण्यात जातो अशा पुरुषांत कंबरेची चकती सरकण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट आढळले होते. आपल्याकडे खड्डे आणि गतिरोधक यांची भर आहेच. त्यात पुष्कळ जण चाकांत सांगितल्यापेक्षा अधिक हवा भरतात. त्याने इंधन थोडे वाचते, पण प्रत्येक गचका थेट कंबरेत पोहोचतो.

आसन लावावे कसे?

माझी पहिली चूक डॉक्टरांनी मी आसनावर बसण्यापूर्वीच दाखविली. "मागच्या खिशातले काढा," ते म्हणाले. त्या पाकिटात दोन बँकांची कार्डे, वाहनपरवाना, पावत्या व सुटे पैसे असा चांगला दोन बोटे जाडीचा ऐवज होता. त्यावर बसले की एका बाजूचे कटीर उचलले जाते, कणा तिरपा होतो आणि नितंबातून पायाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेवर दाब येतो. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९७८ सालीच या दुखण्यावर एक टिपण आले होते आणि त्यात त्यास क्रेडिट कार्डाच्या पाकिटाचेच नाव दिलेले होते. बँकेत काम करणाऱ्या माणसाला हे ऐकून हसावे की रडावे, ते कळेना. नितंबापासून पायात उतरणाऱ्या अशा दुखण्यास आयुर्वेदात गृध्रसी म्हणतात. रोग्याची चाल गिधाडासारखी होते म्हणून हे नाव, असे सांगतात.

त्यानंतरचा क्रम खालून वर असा आहे. आपण सारे तो उलट करतो. प्रथम आरसे लावतो आणि मग शरीर त्यांच्याशी जुळवून घेतो. प्रथम नितंब आसनाच्या अगदी मागच्या कोनात न्यावेत, इतके की मध्ये तळहातही शिरू नये. मग क्लच पूर्ण दाबून पाहावा. त्या वेळी गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताणावा लागत असेल तर प्रत्येक वेळी क्लचबरोबर कटीरही पुढे ओढले जाते, आणि शहरातील गर्दीत क्लच किती वेळा दाबावा लागतो याचा हिशेब न केलेलाच बरा. आसनाची पुढची कड आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. उंची कमी-जास्त करण्याची सोय असल्यास कंबर गुडघ्यांच्या खाली जाणार नाही, इतके आसन वर घ्यावे.

पाठीचा भाग काटकोनापेक्षा थोडा मागे, १०० ते ११० अंशांच्या दरम्यान ठेवावा. अंश मोजण्याची गरज नाही. पाठ टेकलेली ठेवून हात पुढे केला असता मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले, की कोन बहुधा बरोबर असतो. खांदे पुढे उचलावे लागत असतील तर आसन फार कलले आहे. एअरबॅग फुगण्यास जागा राहावी म्हणून छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान २५ सेंटीमीटर अंतर हवे. स्टिअरिंगला छाती लावून बसणाऱ्या नवशिक्या चालकांनी हे विशेष लक्षात घ्यावे. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्यापर्यंत यावी. ती मानेमागची उशी नव्हे, मागून धक्का बसल्यास मान मोडू नये यासाठीची योजना आहे.

सर्वांत शेवटी आतला आरसा, तोही ताठ बसून लावावा. डॉक्टरांनी सांगितलेली ही युक्ती मला फार आवडली. तासाभराने आरशात मागचा रस्ता दिसेनासा झाला आणि हात आरशाकडे जाऊ लागला, की समजावे, आरसा हलला नाही, आपण घसरलो आहोत. अशा वेळी आरसा न हलविता पाठ सरळ करावी.

लहान गाड्यांत एक अडचण अशी असते की, उजव्या बाजूच्या पुढच्या चाकाचे घर आत आल्यामुळे पायाखालची पेडल्स थोडी डावीकडे सरकविलेली असतात. पाय एकीकडे, स्टिअरिंग दुसरीकडे, अशा स्थितीत कणा पिळलेला राहतो. हा दोष आसन लावून जात नाही. म्हणूनच गाडी पसंत करण्यापूर्वी ती पाच मिनिटे फिरवून आणण्यावर समाधान मानू नये. विक्रेत्याकडे अर्ध्या तासाच्या फेरीचा आग्रह धरावा, आणि जो घरातील सर्वांत उंच वा सर्वांत ठेंगणा आहे, त्यालाही चालवू द्यावे.

कंबरेच्या आधाराची कळ अनेक गाड्यांत नसते. त्यावर घरगुती उपाय पंचाचा. सुती पंचा घट्ट गुंडाळून, दोन्ही टोकांना दोरा बांधून, कमरपट्ट्याच्या किंचित वर येईल असा ठेवावा. जाडी आपल्या कमानीपुरतीच हवी. अति उत्साहाने लोड ठेवल्यास माणूस पुढे ढकलला जातो आणि दुखणे वाढते. बाजारातील जाड उशांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. बुडाखाली जाड मऊ उशी घेतली की शरीर वर उचलले जाते, सीट बेल्ट ओटीपोटाच्या हाडांवर न राहता पोटावर चढतो आणि अपघातात तो जेथे धरावयाचा तेथे धरत नाही. जुन्या गाडीतला फोम बसला असेल तर कुशनचे काम करणाऱ्या कारागिराकडून तो बदलून घेणे हाच खरा उपाय. मात्र आसनाच्या कडेत एअरबॅग बसविलेली असल्यास त्या आसनाला हात लावण्यापूर्वी अधिकृत कार्यशाळेत विचारावे. साधे आच्छादनसुद्धा तेथे अडथळा ठरू शकते.

उतरा, चाला, मग सामान काढा

उत्तम आसनही चार तास सलग बसण्यासाठी नसते. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच-दहा मिनिटे चालावे, कंबरेवर हात ठेवून हळूहळू मागे झुकावे. सोलापूरपर्यंत न थांबता जाऊन मी फार तर वीस मिनिटे वाचविली होती आणि रजेचे आठ दिवस घालविले. उतरताना एक पाय बाहेर टाकून कंबर पिळू नये. दोन्ही पाय एकत्र बाहेर घ्यावेत व मग उठावे. मुक्कामी पोहोचताच डिकीतील जड बॅग उचलण्याची घाई करू नये. दीर्घकाळ बसल्याने कण्याचे अस्थिबंध सैलावलेले असतात, त्यांना पूर्ववत होण्यास काही मिनिटे द्यावीत.

इतके करूनही पाठ दुखली तर? बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत आपोआप ओसरते. पूर्वी सक्तीची विश्रांती सांगत. आता झेपेल तितके हिंडते-फिरते राहण्याचा सल्ला देतात. एमआरआयची घाईही नको. अमेरिकेत १९९४ साली कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांची अशी तपासणी झाली, तेव्हा त्यांपैकी केवळ ३६ टक्के लोकांच्या सर्व चकत्या निर्दोष आढळल्या. अहवालात "चकती फुगली आहे" असे लिहून आले म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच, असे नव्हे.

काही लक्षणांत मात्र एक दिवसाचाही विलंब परवडत नाही. पाऊल उचलले न जाणे, जांघेत व बैठकीच्या भागात बधिरता येणे, लघवी अडणे अथवा लघवी-शौचावरील ताबा सुटणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आल्याची ती खूण असू शकते आणि उपचारास उशीर झाल्यास अपंगत्व कायमचे राहू शकते. दुखण्याबरोबर ताप असेल, वजन घटत असेल किंवा दुखणे अपघातानंतर सुरू झाले असेल, तरीही डॉक्टरांना दाखविण्यात टाळाटाळ करू नये.

आमच्या घरी गाडी मी आणि पत्नी, दोघेही चालवितो. पूर्वी ती उतरली की मी तिच्याच मापाच्या आसनावर गुडघे पोटाशी घेऊन बसत असे, दोन किलोमीटरसाठी कोण बदलणार म्हणून. आता आसन सरकविण्याच्या खाचा मोजून ठेवल्या आहेत. मागून तिसरी माझी, सहावी तिची. पंचा मागच्या आसनावरच्या पिशवीत असतो.